नाव सिकंदर, बाकी नशीब

मुलांची नावं सुचवणाऱ्या पुस्तिका एसटी स्टँडावरच्या स्टॉलवर हमखास मिळतात. कव्हरवर गुटगुटीत बाळ, आत अ ते ज्ञ, आणि प्रत्येक नावासमोर दीड शब्दाचा अर्थ. या पुस्तिकांच्या जगात वाईट अर्थाचं नावच नसतं. सगळी मुलं तेजस्वी, सगळ्या मुली सुवासिक. उर्दू नावांचा विभाग काढला की 'स'मध्ये सिकंदर सापडतो आणि त्याच्यासमोर छापलेलं असतं : 'शूर, विजेता, जगज्जेता'.

आता हा काही अर्थ नव्हे. हा त्या नावाच्या एका माणसाचा बायोडेटा झाला. उद्या 'सचिन'समोर 'उत्तम फलंदाज' आणि 'लता'समोर 'गोड गळा' असं छापावं, त्यातला प्रकार.

सिकंदर या नावाचा मूळ अर्थ बघायचा तर थेट ग्रीसमध्ये जावं लागतं. तिथं तो 'अलेक्सान्द्रोस' आहे. यातल्या पहिल्या भागाचा अर्थ निवारण करणं, राखणं. दुसऱ्याचा अर्थ माणूस. म्हणजे 'माणसांचं रक्षण करणारा'. यात जग नाही, जिंकणं नाही, घोडा तर नाहीच नाही. एखाद्या पोलीस पाटलाला किंवा गावच्या कोतवालाला शोभावं असं साधं, जबाबदार नाव.

ग्रीकांनी मात्र हे नाव वाटताना पहिल्यापासून घोळ घातला. ट्रॉयच्या युद्धाला कारण झालेला राजपुत्र पॅरिस, त्याचंही दुसरं नाव अलेक्सान्द्रोसच. तरुणपणी त्याने चोरांपासून गुरं वाचवली म्हणून त्याला हे नाव मिळालं अशी कथा आहे. गुरं वाचवल्याबद्दल 'माणसांचा रक्षक' ही पदवी! पुढे या रक्षकाने दुसऱ्याची बायको पळवली आणि दोन्हीकडची माणसं दहा वर्षं मरत राहिली.

त्यानंतरचा प्रसिद्ध अलेक्सान्द्रोस म्हणजे मॅसिडोनियाच्या फिलिपचा मुलगा. त्याने इ.स.पू. ३३५ मध्ये थीब्ज हे ग्रीकांचंच शहर जमीनदोस्त केलं आणि उरलेली माणसं गुलाम म्हणून विकली. टायरला सात महिने वेढा घातला. हिंदुस्थानातून परतताना मकरानच्या वाळवंटातून स्वतःचीच फौज नेली आणि शत्रूने मारली नसतील इतकी माणसं तहानेनं मारली. माणसांचं रक्षण हे खातं त्याच्याकडे कधी नव्हतंच. तेव्हा नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा ही परंपरा या नावात पहिल्या मालकापासून चालत आली आहे, हे आधीच नोंदवून ठेवू.

अलेक्सान्द्रोसचा सिकंदर कसा झाला, ही त्याहून मजेची गोष्ट. अरबीत 'अल्' हे नामाच्या आधी लागणारं उपपद आहे. अरबांनी 'अलेक्सान्द्रोस' ऐकलं आणि त्यांना वाटलं, सुरुवातीचं 'अल्' आपलंच. पाहुण्याच्या डोक्यावरची टोपी आपल्याच घरची समजून यजमानाने ती खुंटीला टांगून ठेवावी, तसं त्यांनी ते 'अल्' काढून बाजूला ठेवलं. बोडक्या राहिलेल्या नावातल्या 'क्स'ची मग 'स्क' अशी उलटापालट झाली, शेवटचा 'ओस' गळाला, आणि 'इस्कंदर' तयार झाला. सभ्य प्रसंगी अरब टोपी परत घालतात. तेव्हा तो 'अल्-इस्कंदर' होतो. इराणी आणि उर्दू जिभेने पुढचा 'इ' उचलून 'स'च्या पोटात ठेवला आणि सिकंदर आपल्या ओळखीचा झाला.

'क्स'चा 'स्क' होतो म्हणून कुणी अरबांना हसू नये. आपल्याकडे नुकसानाचं 'नुस्कान' होतं, टॅक्सीची 'टॅस्की' होते, आणि भरपाई म्हणून डेस्कचं 'डेक्स' होतं. अतिवृष्टीनंतर तलाठ्यासमोर उभा राहून 'लई नुस्कान झालं' म्हणणारा शेतकरी भाषाशास्त्राचा तोच नियम पाळत असतो, ज्याने अलेक्झांडरचा इस्कंदर केला. फरक इतकाच की अलेक्झांडरचा पंचनामा लगेच झाला.

शब्दाची ही अशी सोय लागली, पण इराणपुढे खरा प्रश्न वेगळाच होता. या माणसाने इ.स.पू. ३३० मध्ये त्यांचं पर्सेपोलिस जाळलं होतं. जरथुश्त्री धर्मग्रंथांनी तर त्याच्या नावामागे 'शापित' हे विशेषण कायमचं चिकटवून टाकलं. ज्याने घर जाळलं त्याचंच नाव पोराला ठेवायचं, हे कुठल्याही आजीला पटणारं नाही. यावर इराणी प्रतिभेने काढलेला तोडगा इतका नामी आहे की तो सविस्तर सांगायलाच हवा. इ.स. १०१० मध्ये पूर्ण झालेल्या फिरदौसीच्या 'शाहनामा'त तो आहे.

इराणचा राजा दाराब याने रूमच्या फैलकूसला, म्हणजे आपल्या फिलिपला, हरवलं आणि खंडणीबरोबर त्याची मुलगी नाहीद बायको म्हणून आणली. मुलगी रूपानं देखणी. पण एके रात्री राजाच्या लक्षात आलं की राणीच्या तोंडाला वास येतो. त्याने तोंड फिरवलं. वैद्य बोलावले गेले. एका जाणत्या वैद्याने एक वनस्पती शोधून आणली आणि ती राणीच्या टाळूला चोळली. औषध इतकं जहाल की राणीच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण वास गेला. मात्र तोवर राजाचं मनही गेलेलं होतं. त्याने नाहीदला माहेरी पाठवून दिलं. ती गरोदर होती, हे त्याला ठाऊक नव्हतं. माहेरी मुलगा झाला, आणि ज्या वनस्पतीने आपला वास घालवला तिचंच नाव आईने कृतज्ञतेनं मुलाला ठेवलं. वनस्पतीचं नाव होतं सिकंदर.

म्हणजे ज्या नावाने पुढे तीन खंड हादरले ते मुळात मुखशुद्धीच्या औषधाचं! पुस्तिकांच्या हिशेबाने 'सिकंदर'समोर 'लवंग' किंवा 'बडीशेप' असं काहीतरी छापायला हवं.

गोष्ट इथं संपत नाही. लेक नांदायला गेली नि परत आली, आता लोक काय म्हणतील, या विचाराने फैलकूसने सगळीकडे सांगून टाकलं की मुलगा माझाच. इकडे दाराबने दुसरं लग्न केलं, त्याला दारा झाला. आता हिशेब करा. सिकंदर थोरला, दारा धाकटा, बाप एकच. मग सिकंदरने इराणवर स्वारी केली ती परक्या आक्रमकाची स्वारी उरतच नाही. ती भाऊबंदकी होते. थोरल्याने वडिलोपार्जित जमिनीतला आपला हिस्सा मागितला, इतकंच. पराभव पुसून टाकायची याहून सुरेख युक्ती जगात कुणाला सुचलेली नसेल. मराठी वाचकाला तर ती समजावून सांगायचीही गरज नाही. फक्त आपल्याकडे हा दावा दिवाणी कोर्टात गेला असता आणि दाराच्या नातवंडांना अजून तारखा पडत असत्या.

एकदा घरचा झाल्यावर सिकंदराला मान मिळायला वेळ लागला नाही. कुराणात झुल्करनैन, म्हणजे दोन शिंगांचा, अशा नावाने एका न्यायी राजाची कथा येते. तो राजा म्हणजे सिकंदरच असं अनेक भाष्यकारांनी मानलं, अनेकांनी मानलं नाही. पण नुसत्या शक्यतेनेही नावाला प्रतिष्ठा आली. मग निजामी गंजवीने बाराव्या शतकात त्याच्यावर आख्खं 'सिकंदरनामा' लिहिलं आणि मूर्तिपूजक ग्रीक राजाचं नाव अकीक्याच्या दिवशी मुसलमान बाळाला बिनदिक्कत मिळू लागलं.

तरीही फारसी आणि उर्दू कवींच्या नजरेतून त्याची गोम सुटली नाही. त्यांची आवडती कथा आहे अमृताच्या झऱ्याची. अंधाराच्या प्रदेशात अमर करणारा झरा आहे असं कळल्यावर सिकंदर लवाजम्यासह निघाला. बरोबर वाटाड्या म्हणून खिज्र. वाटेत दोघांची चुकामूक झाली. खिज्रला झरा सापडला, तो प्याला आणि अमर झाला. सिकंदर कोरडाच परत आला. जग जिंकणाऱ्याला पाणी सापडलं नाही, या एका प्रसंगावर उर्दू शायर शतकानुशतकं त्याला टोमणे मारत आले आहेत. महाराष्ट्रातल्या ज्या गावांना मार्चपासून टँकर लागतो, तिथल्या माणसाला यात काव्य दिसणार नाही, बातमी दिसेल.

आता हिंदुस्थानकडे येऊ. इ.स.पू. ३२६ मध्ये पोरसाशी लढाई करून अलेक्झांडर बियास नदीपर्यंत आला आणि तिथून त्याची फौज एक पाऊल पुढे टाकीना. तो परत फिरला. त्याचं नाव मात्र थांबलं नाही. सोळाशे वर्षांनी, वाटेत वेश आणि उच्चार बदलून, ते एकटंच नदी ओलांडून दिल्लीत आलं. त्याला फौज लागली नाही की हत्तींची भीती वाटली नाही.

दिल्लीत त्याला गळ्यात घातलं अल्लाउद्दीन खिलजीने. १२९६ मध्ये याने देवगिरीवर अचानक छापा घातला, रामदेवराव यादवाकडून अमाप सोनं नेलं आणि त्या सोन्याच्या जोरावर चुलत्याला मारून तख्त मिळवलं. पैसा आणि सत्ता एकदम आली की माणसाला जे होतं ते त्यालाही झालं. आपण नवा धर्म काढावा आणि सिकंदरासारखं जग जिंकायला निघावं, असं त्याला वाटू लागलं. दरबारी माना डोलवत होते. नाही म्हणाला तो दिल्लीचा कोतवाल अलाउल्मुल्क. हा इतका लठ्ठ होता की फक्त अमावास्येनंतरच्या चंद्रदर्शनाला दरबारात हजेरी लावायचा. त्याचा पुतण्या इतिहासकार बरनी याने हा प्रसंग लिहून ठेवला आहे. कोतवालाने आधी दारू बाजूला करायला लावली आणि मग सांगितलं : धर्म काढणं हे सुलतानांचं काम नव्हे, आणि जग जिंकायला जाल तर मागे दिल्ली सांभाळायला तुमच्याकडे ॲरिस्टॉटल कुठे आहे?

सुलतानाला हे पटलं. त्याने मोहीम रद्द केली, कोतवालाला बक्षीस दिलं आणि नाण्यांवर 'सिकंदर सानी', म्हणजे दुसरा सिकंदर, असं कोरून घेतलं ते तसंच ठेवलं. काम रद्द, पाटी कायम. हा प्रकार आपल्या सार्वजनिक जीवनात अजून चालतो. भूमिपूजनाची कोनशिला उभी असते, पूल नसतो.

त्यानंतर सिकंदर हे नाव घेण्याची साथच आली. लोदी घराण्यातल्या निजामखानाने १४८९ मध्ये गादीवर बसताना सिकंदर हे नाव घेतलं. हा खरा कर्तबगार निघाला, हे मान्य करायला हवं. आग्र्याला राजधानी यानेच नेली. अकबराची कबर जिथं आहे ते सिकंदरा, ते याच्याच नावाचं. पण नावाची पुण्याई एका पिढीपुरतीच पुरली. याच्या मुलाला १५२६ मध्ये पानिपतावर बाबराने संपवलं. पुढे सूर घराण्यातल्या एका सिकंदरशहाने नशीब आजमावलं. १५५५ मध्ये सरहिंदला त्याला हुमायूनने हरवलं. ज्या हुमायूनला आयुष्यात फारसं कुणाला हरवता आलं नाही, त्याने.

दख्खनेतला सिकंदर तर आपल्या इतिहासातलाच. विजापूरच्या अली आदिलशहाचा १६७२ मध्ये मृत्यू झाला आणि चारेक वर्षांचा सिकंदर आदिलशहा तख्तावर बसला. जगज्जेत्याचं नाव, अंगावर जरीचा झगा आणि पाय जमिनीला टेकत नाहीत, अशी अवस्था. कारभार कुणी करायचा यावर खवासखान, बहलोलखान वगैरे मंडळी आपसात भांडत बसली. पुढच्याच वर्षी कोंडाजी फर्जंदने साठ मावळ्यांनिशी पन्हाळा घेतला. फर्जंद हा शब्दही फारसीच, अर्थ पुत्र. नावाचा अर्थ बघून माणसं निवडायची तर कुणी सिकंदर सोडून 'मुला'च्या बाजूने पैज लावली नसती. १६८६ च्या सप्टेंबरात औरंगजेबाने विजापूर घेतलं. सिकंदराला त्याने दरबारात जागा दिली, सालीना लाख रुपयांची नेमणूक बांधून दिली आणि 'खान' हा किताब दिला. जगाचा धनी होण्यासाठी जन्मलेलं नाव शेवटी पेन्शनीत निघालं.

हैदराबादचा तिसरा निजाम सिकंदरजाह. याच्या काळात इंग्रजी छावणीला जागा दिली आणि १८०६ मध्ये तिला याचंच नाव दिलं. तेच सिकंदराबाद. स्वतःच्या राज्यात दुसऱ्याची फौज ठेवून घेतल्याबद्दल गावाला आपलं नाव मिळालेला सिकंदर हा एकटाच असावा. शब्दाच्या हिशेबाने हे गाव म्हणजे इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाची धाकटी बहीण. नांदेड-परभणीकडून तिरुपतीला निघालेली मंडळी गाडी बदलायला रात्री-बेरात्री जिथं उतरतात, डब्यातली दशमी आणि शेंगदाण्याची चटणी जिथं सोडतात, ते अलेक्झांड्रियाच्याच फलाटावर. हे त्यांना कुणी सांगत नाही म्हणून बरं. नाहीतर पुढच्या वेळी दीपस्तंभ दाखवा म्हणून मुलं हट्ट धरतील.

काहींना हे नाव चुकूनच मिळालं. जेम्स स्किनर हा स्कॉटिश बापाचा आणि राजपूत आईचा मुलगा. आधी दौलतराव शिंद्यांच्या फौजेत होता. १८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध लागल्यावर शिंद्यांकडची चाकरी सुटली आणि त्याने इंग्रजांसाठी पिवळ्या अंगरख्यांचं घोडदळ उभारलं. ते 'स्किनर्स हॉर्स' भारतीय सैन्यात आजही आहे. शिपायांच्या तोंडात 'स्किनर' बसेना. त्यांनी त्याचा 'सिकंदर साहिब' केला. लढायाही तो मारत होता, त्यामुळे नाव शोभलंही. इतिहासात इतक्या लोकांनी हट्टानं हे नाव घेतलं आणि त्यांना ते जड गेलं. ज्याचं आडनाव कुणाला नीट उच्चारता आलं नाही, त्याला ते फुकटात लागू पडलं.

तुर्कांची गोष्ट याच्या उलटी. त्यांनी गेर्गी कास्त्रिओती नावाच्या आल्बेनियन मुलाला आपल्याकडे आणून वाढवलं आणि कौतुकाने त्याचं नाव इस्कंदर ठेवलं. १४४३ मध्ये तो त्यांच्यावरच उलटला आणि पंचवीस वर्षं त्यांच्याशीच लढला. आल्बेनियाचा तो राष्ट्रपुरुष, 'स्कंदरबेग'. बारशात नाव ठेवणाऱ्या आत्याबाईंनी या प्रसंगाची नोंद घ्यावी.

विसाव्या शतकातलं उदाहरण पाकिस्तानचं. पहिले राष्ट्राध्यक्ष इस्कंदर मिर्झा. मिर जाफरच्या घराण्यातले, म्हणजे इतिहासाकडून आधीच उधारी. त्यांनी ७ ऑक्टोबर १९५८ ला लष्करी कायदा लावला आणि तो राबवायला जनरल अयूबखानांना नेमलं. २७ ऑक्टोबरला अयूबखानांनी त्यांनाच काढलं. वीस दिवसांत जगज्जेता लंडनच्या विमानात. १९६९ मध्ये तिथंच गेले, आणि दफन झालं तेहरानला. नावाचा उच्चार जिथं घडला, त्या मुलखाला ते असे परत मिळाले.

पुरुषांनी एवढा गोंधळ घातल्यावर हे नाव खऱ्या अर्थाने पेलून दाखवलं ते एका बाईने. भोपाळच्या नवाब सिकंदर बेगम. घोड्यावर बसून राज्यभर फिरायच्या, महसुलाचे कागद स्वतः तपासायच्या. १८६३ मध्ये हजला गेल्या आणि परत येऊन त्या प्रवासाचं वर्णनही लिहिलं. त्यांच्या यजमानांचं नाव जहांगीर. अर्थ पुन्हा तोच, जग काबीज करणारा. एका घरात दोन जगज्जेते! संसार टिकला नाही, हे वेगळं सांगायला नको. राज्य मात्र टिकलं, कारण ते सिकंदराकडे होतं.

हे झाले इतिहासातले. रोजच्या जगण्यात या नावाचं ओझं किती असतं, ते मला माझ्या कचेरीतल्या एका सहकाऱ्यामुळे कळलं. नाव अर्थातच सिकंदर. वय निवृत्तीला टेकलेलं, चष्मा कपाळावर, आणि स्वभाव इतका भिडस्त की भाजीवालीने चार मिरच्या कमी घातल्या तरी 'असू दे, तिलाही पोरंबाळं आहेत' म्हणून पुढे जाणारे. दुपारच्या सुट्टीत कॅरम खेळताना ते हरले की सगळी खोली ओरडायची, "काय सिकंदरभाई, आज सिकंदर हरला!" एकदा त्यांनी सोंगटी ठेवली आणि शांतपणे म्हणाले,

"बघा साहेब, तुम्ही हरलात की फक्त डाव हरता. मी हरलो की बातमी होते."

"आणि जिंकलात की?"

"तर कोण बघतं? नावच तसं आहे म्हणतात. आजोबांनी नाव ठेवलं, पगार सरकारनं ठरवला. मधल्यामधे मी."

आयुष्यात एकदाच बक्षीस लागल्याचं त्यांनी सांगितलं. गल्लीतल्या गणेश मंडळाच्या लकी ड्रॉमध्ये स्टीलची बादली. चिठ्ठी काढणाऱ्या पोराने माइकवरून 'जो जीता वही सिकंदर' अशी आरोळी ठोकली. लोक हसले, आणि बादली घेताना सिकंदरभाईंना आपण जिंकलोय की आपली फिरकी घेतली जातेय, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

ही म्हण रूढ करण्यात हिंदी सिनेमाचा मोठा वाटा. १९९२ च्या त्या नावाच्या सिनेमात सायकलची शर्यत जिंकणाऱ्या नायकाचं नाव संजय आहे. सिकंदर कुणीच नाही. १९७८ च्या 'मुकद्दर का सिकंदर'मध्ये नायकाचं नाव सिकंदर आहे, आणि तो शेवटी मरतो. नाव असेल तर विजय नाही, विजय असेल तर नाव नाही, हा नियम पडद्यावरही मोडला गेला नाही. पण सर्वांत गोड सूड घेतला सोहराब मोदींनी. हे पारशी. ज्या धर्माच्या ग्रंथांनी अलेक्झांडरला शापित म्हटलं, त्या धर्माचे. १९४१ मध्ये त्यांनी 'सिकंदर' काढला, सिकंदराची भूमिका देखण्या पृथ्वीराज कपूरांना दिली आणि स्वतः पोरस झाले. दोन हजार वर्षं वाट पाहून का होईना, त्याच्यासमोर छाती काढून चार वाक्यं सुनावण्याची संधी त्यांनी सोडली नाही.

कीर्तनकारांचा सिकंदर आणखी वेगळा. तो मरताना सांगतो, माझे हात तिरडीबाहेर ठेवा; जग जिंकलेला माणूस रिकाम्या हातांनी गेला हे लोकांना कळू द्या. टाळ वाजतात, माणसं डोळे पुसतात, आणि खाली उतरल्यावर बांधाच्या वादावर बोलायला लागतात. प्रत्यक्षात ग्रीक इतिहासकारांनी लिहिलंय ते असं : त्याचं शव सोन्याच्या पेटीत ठेवलं, रथ बनवायला दोन वर्षं लागली, आणि तो ओढायला चौसष्ट खेचरं होती. हा रथ मॅसिडोनियाच्या वाटेवर असतानाच त्याचा सेनापती टॉलेमी याने तो शवासकट इजिप्तला पळवला. हात रिकामे होते की नाही हे पाहण्याची उसंत कुणालाच मिळाली नाही, कारण सगळ्यांचे हात भरायचे होते.

एवढं सगळं पाहिल्यावर त्या म्हणीचं शहाणपण लक्षात येतं. 'जो सिकंदर, वही जीता' असं ती म्हणत नाही. आधी जिंक, मग नाव घे, असा तिचा क्रम आहे. नाव हे प्रमाणपत्र, प्रवेशपत्र नव्हे. आईबाप नेमके उलटं करतात. सुलतान तर स्वतःच सही करून स्वतःच साक्षांकित करतात.

हाच क्रम लावून बियासच्या काठावरचा दिवस पुन्हा बघावा. पाऊस लागलेला, चिलखतं गंजलेली, घोड्यांचे खूर झिजलेले. राजाने पुढे जाण्यावर फर्डं भाषण केलं. बराच वेळ कुणी बोलेना. मग कोइनोस नावाचा एक जुना सरदार उभा राहिला. शिरस्त्राण हातात धरून म्हणाला, महाराज, निघालो तेव्हा किती होतो आणि आता किती उरलो ते मोजा. या माणसांना आईबाप आहेत, बायकामुलं आहेत. यांना घरी न्या. फौजेत रडू फुटलं. राजा रागावून तंबूत जाऊन बसला आणि कुणी समजूत काढायला येतंय का, याची तीन दिवस वाट पाहत राहिला. कुणी आलं नाही. मग शकुन पाहिले गेले, ते नदी ओलांडायला प्रतिकूल निघाले, आणि देवाच्या मर्जीखातर आपण परत फिरतोय असं जाहीर झालं.

त्या दिवशी जिंकलं कोण? म्हणीला साक्षी ठेवून सांगायचं तर कोइनोस. आणि माणसांचं रक्षण करणारा, हा ग्रीक अर्थ धरला तरी उत्तर तेच येतं. जगाच्या इतिहासात म्हण आणि व्युत्पत्ती यांचं एकमत होईल असा सिकंदर एकच झाला, आणि त्याचं नाव कोइनोस होतं. पुस्तिकेत ते सापडत नाही. 'क'मध्ये पाहिलं, तिथं कैलासवरून थेट कौस्तुभ येतो.